घराचा डिस्प्ले रोज मार्वेला जातो

डॉकवर ठेवला की स्मार्ट होम डिस्प्ले, उचलला की टॅब्लेट. एका पैशात दोन वस्तू. कल्पना इतकी सोयीची वाटते की तिच्याविरुद्ध बोलणारा माणूस आपोआप जुनाट ठरतो. मी २७ वर्षांची आहे, फेरीबोटीतला वेळसुद्धा मला फोनशिवाय जात नाही आणि आमच्या घरात वायफायचा पासवर्ड बदलण्याचं काम माझ्याकडे आहे. तेव्हा तो आरोप बाजूला ठेवून ऐका. टॅब्लेट म्हणून ही वस्तू चांगली असेल. डिस्प्ले म्हणूनही चांगली असेल. पण दोन्ही कामं एकाच पाटीला दिली की घरात राहणाऱ्या चार-पाच माणसांच्या दृष्टीने ती बिनकामाची होते. आणि जिथे ती कामाची ठरते, तिथे तर मला तिची जास्त भीती वाटते.

आधी थोडा इतिहास, कारण हा शोध कालचा नाही. २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या फायर टॅब्लेटसाठी एक डॉक आणला. टॅब त्यात ठेवला की तो अ‍ॅलेक्साचा इको शो असल्यासारखा वागायचा. २०१९ च्या सुरुवातीला लेनोवोने हीच कल्पना स्पीकरवाल्या डॉकसकट विकायला काढली. २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल टॅब्लेट आणला तो याच गोष्टीचा मोठा गाजावाजा करत. डॉक खोक्यातच, किंमत ४९९ डॉलर. डॉकवर टॅब चुंबकाने चिकटतो, चार्ज होतो, आवाज डॉकच्या मोठ्या स्पीकरमधून येतो आणि पडद्यावर घड्याळ, फोटो, दिव्यांची बटणं दिसतात. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, गूगलने तोच टॅब डॉकशिवाय ३९९ डॉलरला विकायला सुरुवात केली. ज्या जोडीचं एवढं कौतुक चाललं होतं ती वर्षभरात सुटी मिळायला लागली. कंपनीच्या पोटात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण लग्नानंतर वर्षभरात दोघांचे फोटो वेगवेगळे लागायला लागले तर शेजारीपाजारी जो अर्थ काढतात तोच मी काढते.

भारतात तो टॅब अधिकृतपणे आलाच नाही. म्हणून आपल्याकडे लोकांनी नेहमीप्रमाणे जुगाड केला. कुठलाही बरा अँड्रॉइड टॅब, एक स्टँड, दिव्यांचं अ‍ॅप, झाला स्मार्ट डिस्प्ले. आमच्या मनोरीच्या घरात दादाने गेल्या गणपतीत तेच केलं. बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या बाजूला स्टँड, खोल्यांमध्ये चार स्मार्ट बल्ब, ओटीवर एक, माजघरातल्या पंख्यासाठी स्मार्ट प्लग. टॅब घेतला होता पुतण्याच्या अकरावीसाठी. "अभ्यासालाही होईल, घरालाही होईल," हे दादाचं वाक्य. या वाक्यातला दुसरा 'ही' मला तेव्हाच खटकला होता आणि मी तसं म्हणालेही होते.

पुतण्याचं कॉलेज मालाडला. मनोरीहून मालाडला जायचं तर खाडी ओलांडून मार्वेला उतरायचं आणि पुढे बस नाहीतर रिक्षा. रस्त्याने जायचं ठरवलं तर उत्तन, भाईंदर करत मोठा वळसा. त्यामुळे पोरगा सकाळच्या बोटीने जातो तो संध्याकाळीच परततो आणि नोट्स टॅबमध्ये असल्याने टॅब त्याच्यासोबत जातो. म्हणजे आमच्या घराचा डिस्प्ले रोज सकाळी बोटीत बसून मार्वेला जातो. दिवसभर घरात उरतो तो रिकामा स्टँड. गूगलचा महागडा डॉक असता तरी फरक पडला नसता, कारण टॅब काढून घेतला की तो डॉक मुका होतो. नुसता स्पीकर म्हणूनसुद्धा तो वाजत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मुंबईत तर प्रत्येक वस्तू दुहेरीच असते. बरोबर. सोफा-कम-बेड या शहराने पोसला. पलंगाच्या पोटात गाद्या, शिलाई मशीनवर इस्त्री, गॅलरीत स्वयंपाकघर. पण सोफा-कम-बेड का चालतो ते पाहा. दिवसा बसायचं असतं आणि रात्री झोपायचं असतं. दोन्ही गरजा एकमेकींना घड्याळात भेटतच नाहीत. पाहुणे रात्री उशिरापर्यंत बसले की सोफा-कम-बेड किती छळतो, हे ज्याला त्यावर झोपायचं असतं त्याला विचारा. टॅबच्या बाबतीत ते पाहुणे रोज येतात. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत घराला डिस्प्ले हवा असतो: दिवे लागायचे असतात, कुणाचा तरी व्हिडिओ कॉल असतो, कुकरचा टायमर लावायचा असतो. आणि नेमक्या त्याच वेळेत पोराला टॅब हवा असतो, अभ्यासाला म्हणा किंवा अभ्यासाच्या नावाखाली मॅचला म्हणा. दुपारी दोन वाजता, जेव्हा कुणालाच काही नको असतं, तेव्हा तो मार्वेपलीकडे असतो. दोन गरजा एकाच वेळी जाग्या होत असतील तर एका वस्तूत त्या मावत नाहीत. टॅबची रॅम कितीही असो.

घराची वस्तू आणि माणसाची वस्तू या दोन वेगळ्या जाती आहेत आणि हे आपल्या आधीच्या पिढ्यांना न शिकवता कळत होतं. कालनिर्णय १९७३ पासून भिंतीवर आहे. ते कुणाचंच नसतं, म्हणून सगळ्यांचं असतं. त्यावर आई दुधाचा हिशेब लिहिते, वहिनी गॅस कधी लावला ते लिहिते, आणि आजी नुसती तिथी बघते. आमच्यासारख्या कोळ्यांच्या घरात तिथीला फार भाव असतो. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी काढायला तेवढं पुरतं. आजी हे उभ्या उभ्या करते, चष्म्याशिवाय. आमच्या डिस्प्लेवर दिसतं 'मुंबई, ३१ अंश, अंशतः ढगाळ'.

टेलिफोनही तसाच. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला नसेल, पण घरात एकच फोन असायचा, तो बाहेरच्या खोलीत असायचा आणि शेजारच्यांनी आपल्या नातेवाइकांना त्याचाच नंबर 'पी.पी.' म्हणून दिलेला असायचा. काही घरांत डायलला छोटं कुलूप लावत. म्हणजे सामायिक वस्तूवरून तेव्हाही राजकारण होतं, मी काही त्याची आरती करत नाही. पण तो फोन कधी कुणाच्या दप्तरातून कॉलेजला गेला नाही. आजीला तो कुठे असेल हे डोळे मिटून माहीत होतं.

हे सगळं अ‍ॅपलला कळलं होतं, असं मला वाटतं. पूर्वी घरातला आयपॅड 'होम हब' म्हणून वापरता यायचा. अट एवढीच होती की तो घरात राहिला पाहिजे, चार्जिंगला आणि वायफायला जोडलेला पाहिजे. आयपॅडला घरात राहायची अट घालणं म्हणजे मांजराला उपास सांगणं. २०२३ मध्ये अ‍ॅपलने आपल्या होम अ‍ॅपची अंतर्गत रचना बदलली आणि नव्या रचनेत आयपॅडचं हे पद गेलं. ते काम आता होमपॉड आणि अ‍ॅपल टीव्ही करतात. दोन्ही वस्तू जागच्या हलत नाहीत.

आता स्वयंपाकघरात या. स्मार्ट डिस्प्लेच्या जाहिरातीत नेहमी एक स्वच्छ ओटा असतो आणि पीठ मळणारी बाई म्हणते, टायमर लाव. हात गुंतलेले असताना आवाजाने काम होतं, हाच डिस्प्लेचा सगळ्यात मोठा गुण आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. आमच्याकडे हात पिठाने कमी आणि बोंबलांनी जास्त भरलेले असतात. त्या हातांनी काचेला बोट लावलं तर टॅबला वास येतो आणि पुढे पुतण्याच्या दप्तराला. म्हणजे आवाजच हवा. पण कुठल्या भाषेत?

गूगल असिस्टंट २०१८ मध्ये फोनवर मराठी बोलायला लागला, त्याच्या बातम्या झाल्या. घरातल्या स्पीकरना आणि डिस्प्लेंना मात्र भारतात इंग्रजी किंवा हिंदीच कळते. अ‍ॅलेक्सा २०१९ मध्ये हिंदी शिकली आणि तिथेच थांबली. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याबद्दल आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. आणि आजी आपल्याच चुलीपुढे उभी राहून 'बत्ती जलाव' म्हणते. रिक्षात हिंदी, मालाडच्या बाजारात हिंदी, बँकेत हिंदी, इथवर तिने कधी तक्रार केली नव्हती. आता स्वयंपाकघरातही. तेही चालेल एकवेळ, पण तिच्या हिंदीत इतकी कोळी भाषा आहे की यंत्र "माफ़ कीजिए, मैं समझी नहीं" म्हणतं आणि आजी त्याच्याकडे बघत राहते.

हे फक्त भाषाभिमानाचं प्रकरण असतं तर मी इथे आणलं नसतं. बोलून चालत नाही म्हटल्यावर हात धुवायचे, पुसायचे, बाहेरच्या खोलीत यायचं, टॅब जागेवर आहे का बघायचं, असला तर उघडायचा आणि मग दिवा लावायचा. भिंतीवरचं बटण दारापाशीच होतं.

आणि मला खरा राग आहे तो या बटणावरून. स्मार्ट बल्बची एक गोम जाहिरातीत कधी सांगत नाहीत. भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्बची वीजच तुटते आणि मग तो कुठल्याही अ‍ॅपचं ऐकत नाही. म्हणून बल्ब बसवल्यावर घरात पहिला हुकूम निघतो: बटणाला हात लावायचा नाही. आमच्याकडे दादाने बटणांवर चिकटपट्टी लावली. आजीने साठ वर्षं दिवेलागणीला बटण (आणि त्याआधी कंदील) स्वतःच्या हाताने लावला होता. सवयीने तिने चिकटपट्टीसकट बटण दाबलं, बल्ब 'ऑफलाइन' झाला आणि ओरडा खाल्ला. मग एका संध्याकाळी पोरगा यायचा होता, बोट उशिरा होती, टॅब बोटीत होता. आजी अंधारात ओटीवर बसलेली. मला म्हणाली, "काय गो, दिवा लावाला आता पोराला इचारू?"

मी चिकटपट्टी काढून टाकली. दादा दोन दिवस बोलला नाही.

दादाचं म्हणणं असं की सगळ्यांच्या फोनवर अ‍ॅप टाकलं असतं तर प्रश्नच नव्हता. आजीचा फोन साधा बटणवाला आहे. आईकडे स्मार्टफोन आहे, पण अ‍ॅपने आमंत्रण पाठवा, मग ईमेल उघडा, मग ओटीपी टाका, यात ती अडकली. शेवटी घराचे सगळे दिवे एका अकरावीतल्या मुलाच्या खात्यावर आहेत. उद्या तो पुण्याला शिकायला गेला तर घराची मालकी कागदोपत्री आजोबांच्या नावावर राहील आणि दिव्यांची मालकी होस्टेलच्या खोलीत. टॅब वैयक्तिक आहे म्हणूनच हे होतं. वैयक्तिक वस्तूला घराचं काम दिलं की घरातले बाकीचे त्या माणसाचे पाहुणे बनतात. आणि पाहुणे सगळ्यात आधी कोण होतं? ज्याला पासवर्ड पाठ होत नाही ते.

उलट बाजूनेही तेच. पुतण्याचा टॅब बाहेरच्या खोलीत उभा असला की त्यावर त्याचे मेसेज उगवतात. एकदा जेवताना सगळ्यांसमोर एका मुलीच्या नावाने बदाम आला. घर हसलं, पोरगा उठून गेला. लॉक स्क्रीनवर सूचना लपवता येतात, वेगवेगळ्या माणसांसाठी वेगळी प्रोफाइल करता येतात, हे मला ठाऊक आहे. पण सोळा वर्षांच्या मुलाने स्वतःची खासगी वही सगळ्यांसमोर उघडी ठेवायची आणि वर ती नीट झाकायची जबाबदारीही त्याचीच, हा कुठला न्याय? शिवाय टॅबला कॅमेरा असतो आणि तो बसायच्या खोलीकडे तोंड करून चोवीस तास जागा. गूगलचा पहिला नेस्ट हब मुद्दाम कॅमेऱ्याशिवाय बनवला होता. घरात ठेवायच्या वस्तूचा वेगळा विचार लागतो, तो असा.

मनोरीची हवा हे तर वेगळंच प्रकरण. समुद्रकाठी खिडकीचे गज वर्ष-दोन वर्षांत पोपडे धरतात. चुंबकी डॉकवर चार्जिंग होतं ते उघड्या धातूच्या टोकांमधून, आणि खारी दमट हवा उघड्या धातूला काय करते ते आमच्या गावात कुणालाही विचारा. बॅटरीचंही तसंच. लिथियम-आयन बॅटरी सतत १०० टक्क्यांवर आणि गरम जागी ठेवली की लवकर म्हातारी होते, कधी फुगतेही. म्हणून काही कंपन्यांनी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय दिली आहे. ती सोय वापरली तर टॅब कॉलेजला जाताना ८० टक्के, नाही वापरली तर दोन-तीन वर्षांत बॅटरी खलास. एकीचं भलं केलं की दुसरीचं नुकसान, अशा दोन सवतींचा हा संसार आहे.

वीज गेली तर? १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हाची रात्र आमच्या घरात मेणबत्त्यांवर आणि सेलवरच्या रेडिओवर निघाली. टॅबला स्वतःची बॅटरी असते, नुसत्या प्लगवर चालणाऱ्या डिस्प्लेपेक्षा हा त्याचा फायदा, असं त्याचे चाहते सांगतात. खरं आहे. पण राउटर बंद, बल्ब बंद. उरतं ते घड्याळ. साधे दिवस असले तरी इंटरनेट गेलं की बहुतेक स्वस्त स्मार्ट बल्ब अ‍ॅपला ओळख देत नाहीत, कारण 'दिवा लाव' हा निरोप आधी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरला जातो आणि तिथून परत आपल्याच ओटीवर येतो. दोन हातांवरचा दिवा लावायला एवढा प्रवास. मार्वेला जाणं त्यापेक्षा जवळचं.

मला दोन प्रकारचे लोक भेटतात जे म्हणतात, आमच्याकडे छान चाललंय. पहिले म्हणजे अंधेरीत, मालाडला भाड्याच्या वन आरकेत एकटे किंवा दोघं राहणारे. त्यांचं खरं आहे. एकटा माणूस घरी आला की टॅब घरी येतो, तो निघाला की घरात दिवा लावायला कुणी उरत नाही. घर आणि माणूस एकच असेल तर घराची वस्तू आणि माणसाची वस्तू एकच चालते. फक्त या लोकांनी यूट्यूबवर 'प्रत्येक घरासाठी बेस्ट' असं म्हणू नये. त्यांचं परीक्षण एका माणसाच्या घराचं असतं आणि ते ऐकून दादासारखी माणसं सहा जणांच्या घरासाठी खरेदी करतात.

दुसरे म्हणजे ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं किंवा हात-पाय न चालणारं माणूस आहे. त्यांच्यासाठी आवाजाने दिवा, पंखा, फोन चालणं ही चैन नाही, ते स्वातंत्र्य आहे, आणि या तंत्रज्ञानाबद्दल मला आदर वाटतो तो तेवढ्यासाठीच. पण मग अशा घरात तर ती वस्तू दप्तरात घालून नेता येणारी असूच नये. ज्याला उठून बटणापर्यंत जाता येत नाही, त्याचं बटण कुणीतरी उचलून नेतंय, याची कल्पना करा.

ज्यांना तरीही करायचंच आहे त्यांच्यासाठी. बल्ब स्मार्ट करू नका. स्विचबोर्डाच्या मागे बसणारे छोटे रिले मिळतात. ते इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, म्हणजे भिंतीवरचं बटणही चालतं आणि अ‍ॅपही. दिवे इंटरनेटशिवाय घरातल्या घरात बोलू शकतात का ते विचारूनच घ्या. २०२२ मध्ये आलेलं 'मॅटर' हे मानक त्यासाठीच आहे, आणि थोडी खटपट जमत असेल तर 'होम असिस्टंट' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं. डिस्प्ले हवाच असेल तर घरातला जुना, कुणालाच नको असलेला टॅब घ्या, त्यातून सगळ्यांची खाती काढा, कॅमेऱ्यावर पट्टी लावा आणि तो भिंतीवर स्क्रूने ठोकून टाका. स्क्रू महत्त्वाचा. खातं घराच्या नावाने काढा आणि पासवर्ड कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहा. सुरक्षातज्ज्ञ ओरडतील, ओरडू देत. तो पासवर्ड घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सापडला पाहिजे.

आमच्याकडे सध्या ओटीवरचा स्मार्ट बल्ब काढलाय. तिथे साधा एलईडी आहे. माजघरातला प्लग अजून स्मार्ट आहे आणि पंखा रोज रात्री अकराला आपोआप बंद होतो, कारण दादाने तसं वेळापत्रक लावून ठेवलंय आणि ते बदलायचं कसं हे फक्त पुतण्याला माहीत आहे. त्याची सहामाही चालू आहे. टॅब त्याच्याकडे आहे.